शटल वाऱ्याने उडतं म्हणून

मी जिमखाना कमिटीवर कशी आले ते आधी सांगते, म्हणजे खेळांबद्दल बोलायचा माझा अधिकार किती ते लक्षात येईल. मी खेळलेला शेवटचा मैदानी खेळ म्हणजे सातवीतली लंगडी, आणि त्यातही पडले होते. पण कमिटीवर एक तरी बाई लागते, आधीच्या मॅडम रिटायर झाल्या, त्या दिवशी स्टाफरूममध्ये समोर मीच बसलेली, प्राचार्य म्हणाले मॅडम तुमचं नाव टाकतो हां, आणि टाकलं. मराठी शिकवणाऱ्या बाईचा जिमखान्याशी एवढाच संबंध. पुढची चार वर्षं काम पण तेवढंच होतं, वर्षाला दोन मीटिंगा, स्पोर्ट्स डेला उन्हात व्यासपीठावर बसणं, ट्रॉफ्यांच्या बिलावर सही आणि वडापाव.

मग 2021 च्या फेब्रुवारीत त्या कमिटीला एकदम खरं काम आलं.

आमचं कॉलेज रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या अंगाला, खाडीच्या वर सड्यावर. नाव सांगत नाही, अजून तिथेच नोकरीला आहे. 15 फेब्रुवारीला राज्यातली कॉलेजं निम्म्या हजेरीने उघडायला परवानगी मिळाली. मधल्या अकरा महिन्यांत बरंच होऊन गेलेलं. मे 2020 मध्ये मुंबईचे चाकरमानी गावाकडे यायला लागले तेव्हा हॉस्टेल विलगीकरणाला दिलं, 3 जूनला निसर्ग वादळ आलं ते जिमखान्याच्या शेडचे पत्रेच घेऊन गेलं, आणि अख्खा पावसाळा त्या उघड्या शेडमध्ये कबड्डीची मॅट भिजत पडली. मॅट म्हणजे एकात एक अडकवायचे जाड तुकडे असतात ते. बाहेर काढली तेव्हा तुकड्यांवर काळी बुरशी, आणि एका गठ्ठ्यात उंदरीण बाळंत झालेली. मैदानात छातीएवढं गवत, ते वाळून पिवळं पडलेलं. दोन गडी लावले कोयते घेऊन, चार दिवस लागले, तेव्हा कुठे खालची तांबडी माती दिसली.

आणि मुलं लगेच विचारायला लागली, सर, मॅडम, खेळायचं कधी?

मीटिंग प्राचार्यांच्या केबिनमध्ये. खिडक्या उघड्या, खुर्च्या लांब लांब, प्रत्येकाच्या तोंडावर मास्क आणि चहा आला की सगळ्यांचे मास्क एकदम खाली, हे त्या काळात सगळीकडेच होतं. आमचे जिमखान्याचे सर तयारीनिशी आलेले. त्यांनी कुठून तरी अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचा एक तक्ता प्रिंट मारून आणला होता. तिथे एनसीएए म्हणून कॉलेजांच्या खेळांची मोठी संस्था आहे, तिने 2020 मध्ये खेळांचे तीन गट पाडले, अंगाला अंग किती लागतं त्यावरून. कमी जोखीम, मध्यम जोखीम, जास्त जोखीम. कमीमध्ये गोल्फ, टेनिस, पोहणं, नेमबाजी, ट्रॅक अँड फील्ड, स्कीइंग. जास्तमध्ये बास्केटबॉल, फुटबॉल, व्हॉलीबॉल, कुस्ती. स्कीइंग वाचल्यावर उपप्राचार्य म्हणाले, चला, आपल्याकडे ते सुरू करायला हरकत नाही, बर्फाचा गोळा मिळतो नाक्यावर. हसलो सगळे.

कबड्डी त्या तक्त्यात नव्हतीच. कशी असणार. सरांनी कुस्तीच्या खाली निळ्या पेनाने हाताने लिहिली होती, कबड्डी. त्याच्या खाली खो-खो, पुढे प्रश्नचिन्ह.

त्या प्रश्नचिन्हावर अर्धा तास गेला. सर स्वतः जुने खो-खोवाले. त्यांचं म्हणणं, पाटीत बसलेल्या दोन खेळाडूंमध्ये दोन मीटरच्या वर अंतर असतं, म्हणजे ते टीव्हीवर सांगतात ना दो गज की दूरी, त्याच्याहून जास्तच, शिवाय एकाचं तोंड इकडे तर दुसऱ्याचं तिकडे, एवढी शिस्त तर रेशनच्या लायनीत पण नाही. मुद्दा बिनतोड होता. पण खो देताना पाठीला हात लागतो. आणि पळणाऱ्याला बाद करायचं म्हणजे शिवायचंच. सर म्हणाले, मॅडम, पाठीला हात लागून करोना होतो का? तेव्हा कुणालाच नक्की बोलता येत नव्हतं. आपण भाजी धुऊन घेत होतो तो काळ लांब गेला नव्हता.

तक्त्यातली आणखी एक गोष्ट मला तेव्हाच खटकली होती. नौकानयन, ते लांबोडक्या होडीत एकामागे एक बसून वल्हवतात ते, जास्त जोखमीच्या रकान्यात होतं. बरोबरच आहे म्हणा, एका होडीत चिकटून बसायचं नि धापा टाकायच्या. पण आमच्या केबिनच्या खिडकीतून खाडी दिसते, आणि त्याच वेळी खाली जेटीवर ट्रॉलर लागत होते, एकेकावर आठ-दहा खलाशी, जेवण एका टोपातलं, झोपणं एका फळीवर. मासेमारीला केंद्राने 2020 च्या एप्रिलमध्येच सूट दिली होती, कडक लॉकडाऊन चालू असताना. पोटाचं आहे ते चालू आणि खेळ आहे तो बंद, असा साधा हिशोब. तो मला पटत होता, अजूनही पटतो. फक्त काही पोरांचा खेळ पण पोटाचा असतो हे त्या केबिनमध्ये कुणाच्या तोंडून निघालं नाही, माझ्याही नाही.

आणि अमेरिकेत तरी तो तक्ता कुठे पाळला. मी नंतर वाचत बसले, आजारपणात दुसरं काय करणार (त्या आजारपणाकडे येतेच). तिथला कॉलेज फुटबॉल म्हणजे अंगावर अंग आपटायचा खेळ, जास्त जोखमीच्या रकान्यातला. बिग टेन नावाचा विद्यापीठांचा गट आहे, तेव्हा त्यात 14 होती, त्यांनी 11 ऑगस्ट 2020 ला जाहीर केलं की यंदा फुटबॉल नाही, आणि 16 सप्टेंबरला शब्द फिरवला, खेळाडूंची रोजच्या रोज टेस्ट करू म्हणाले, ऑक्टोबरअखेर सामने सुरू. दक्षिणेकडच्या गटांनी तर थांबायचं नावच घेतलं नाही. टीव्हीचे पैसे त्या खेळात आहेत ना. आणि त्याच उन्हाळ्यात स्टॅनफर्डसारख्या श्रीमंत विद्यापीठाने खर्च परवडत नाही म्हणून 11 खेळ कायमचे बंद करायचं ठरवलं, त्यात तलवारबाजी, कुस्ती, नौकानयन. पुढच्या वर्षी आरडाओरडा झाल्यावर तो निर्णय मागे घेतला ते वेगळं. म्हणजे तक्ता भिंतीवर होता आणि खेळ सुरू कुठला करायचा ते तिजोरी ठरवत होती.

आमच्याकडे तिजोरीच नाही. त्यामुळे आम्ही तक्ता अगदी मनापासून पाळला. ठराव असा झाला: धावणं, गोळाफेक वगैरे सुरू, बॅडमिंटन सुरू, बुद्धिबळ आणि कॅरम सुरू. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल पुढील आदेशापर्यंत बंद. क्रिकेटचं काही लिहिलं नाही कारण ते कुणालाही न विचारता खालच्या मळ्यात डिसेंबरपासून चालू होतं.

कबड्डीवर फुली मारताना माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की होती. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात मार्च 2020 मध्ये एका गायकवृंदाची तालीम झाली, 61 माणसं, अडीच तास, आणि त्यातली 53 आजारी पडली, दोघं गेली. कुणी कुणाला मिठी मारली नव्हती. नुसतं गात होते. मी हे वाचलेलं, आणि कबड्डी म्हणजे तर तोंडाने मोठ्याने कबड्डी कबड्डी म्हणत 30 सेकंद समोरच्या सात जणींच्या अंगावर श्वास सोडायचा. दम हाच तो खेळ. मी मीटिंगमध्ये हे सांगितलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, सर सुद्धा गप्प झाले. तालीम बंद हॉलमध्ये झाली होती हे पण मी वाचलेलं. पण मांडताना तेवढंच गळलं.

ठराव टाइप होऊन बोर्डावर लागला आणि दुसऱ्या दिवशी ती आली.

टीवायची मुलगी, आमच्या मुलींच्या संघाची पहिली चढाई हिची. खाडीपलीकडच्या गावातनं येते, आधी फेरीबोट मग एसटी. वडील खलाशी, आई काजू फॅक्टरीत. वर्गात तोंडातून शब्द नाही, मागच्या बाकावर बसून वहीच्या शेवटच्या पानावर मैदानाच्या आकृत्या काढायची. तिची खासियत बोनस. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आणि मला पण हे तिनेच नंतर शिकवलं, समोरच्या अंगणात चढाईवालीने ओलांडायचीच अशी एक रेषा असते, तिला निदान रेषा म्हणतात, आणि तिच्या मागे आणखी एक, बोनसची, तिच्या पलीकडे एक पाय टेकवायचा आणि दुसरा पाय त्या क्षणी हवेत पाहिजे, म्हणजे कुणाला न शिवता एक गुण. सात जणींच्या घोळक्यात घुसून एका पायावर असं नाचून परत यायचं. त्या वर्षी तिला विद्यापीठाच्या निवड चाचणीला जायचं होतं. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण त्याला त्या लेव्हलचं सर्टिफिकेट लागतं, नि तिचा डोळा पोलिस भरतीवर. हे सगळं मला तिने सांगितलं नाही, सरांनी सांगितलं, ठराव झाल्यावर.

दारात उभी राहून म्हणाली, "मॅडम, क्यारमला चौघं गुडघ्याला गुडघा लावून बसतात, एकच स्ट्रायकर सगळे बोटानं ढकलतात, ते चालतं?"

मी म्हटलं, "अगं, वरूनच नियम आहे तसा."

वरून म्हणजे कुठून? वरून तसं काही आलं नव्हतं. वर आम्हीच होतो.

"मंग आमी काय करायचं?"

मी तिला धावण्याच्या प्रॅक्टिसला जा म्हणून सांगितलं. बघत राहिली जरा वेळ, मग बरं म्हणाली नि गेली. ते बरं मला नंतर खूप दिवस पुरलं.

आठ-दहा दिवसांनी कळलं की या मुली समुद्रावर खेळतायत. कमिटीची मेंबर म्हणून थांबवायला मला पाठवलं, आणि मी गेले तर खरी. ओहोटीची वेळ. ओहोटीला पाणी मागे गेलं की ओली पुळण कशी फरशीसारखी घट्ट होते, त्यावर त्यांनी काठीने मैदान आखलेलं, अगदी मापात, पावलं मोजून. सहाच जणी. तिघी इकडे, तिघी तिकडे. सुरुवातीला म्हणे मास्क लावून खेळून बघितलं. एकीने मला करून दाखवलं, कबड्डी कबड्डी म्हणत गेली आणि पाचव्या-सहाव्या कबड्डीला तो कापडी मास्क श्वासाबरोबर आत ओढला जाऊन ओठाला चिकटला, आवाज गुळगुळीत झाला, पंच झालेली मुलगी ओरडली, "दम ऐकायलाच येत नाय!" आणि सगळ्या हसून हसून पुळणीत बसल्या. मास्क मग एका होडीच्या नाळेवर वाळत घातल्यासारखे ओळीने टांगून ठेवलेले.

वारा असा की माझी ओढणी धरून ठेवावी लागत होती.

मी विचारलं, तुझं ते बोनसचं दाखव ना. तर म्हणाली, "समोर सहा जणी असल्याबिगर बोनस नसतो मॅडम. आमी सगळ्या मिळूनच सहा." मला आधी वाटलं टोमणा मारतेय. पण नियमच तसा आहे, बचावात सहा किंवा सात असतील तरच बोनस चालू. म्हणजे जे तिला सगळ्यात चांगलं येतं तेच त्या पुळणीवर करता येत नव्हतं, आणि तरी रोज फेरीबोट पकडून येत होती. मी थांबवायला गेलेली बाई, अर्धा तास बघत बसले नि घरी आले. प्राचार्यांना फोनवर म्हटलं, कुणी नव्हतं हो तिकडे.

आता बॅडमिंटन. आमचा बॅडमिंटन हॉल म्हणजे जुनं गोडाऊन, दोन बाजूंना शटर, वर झरोके. संध्याकाळी सहा ते आठ तिथे स्टाफची बॅच असते, गावातले एक-दोन डॉक्टर, दोन व्यापारी, बँकेतले एक साहेब, आणि मुलं असतील तर त्यांचीच. रॅकेट, शूज, शटलचा डबा, हे सगळं परवडणारी. कमी जोखमीचा खेळ म्हणून मी पण जायला लागले, खेळायला कसली, कडेने चालायला, डॉक्टरांनी शुगरसाठी चालायला सांगितलेलं. तर तिथे पहिल्याच दिवशी कुणीतरी शटर खाली ओढलं. म्हटलं का? तर म्हणे समुद्राचा वारा येतो मॅडम, शटल उडतं. झरोक्यांना पण पुठ्ठे लावलेले होते. खेळणाऱ्यांची ही जुनी पद्धतच आहे, त्यात कुणाची काही चूक वाटली नाही. मलाही नाही. नेटच्या दोन बाजूंना लांब लांब उभे राहून, एकमेकांना हात न लावता, तक्त्याप्रमाणे अगदी सुरक्षित, आम्ही दहा-बारा माणसं त्या बंद गोडाऊनमध्ये रोज दोन तास धापा टाकत होतो.

मार्चच्या शेवटी शिमगा आला, पालख्यांवर बंधनं होती, आणि शिमग्याच्या तिसऱ्या दिवशी मला ताप. संध्याकाळच्या बॅचमधले एकूण पाच जण पॉझिटिव्ह निघाले. तिथेच लागला असं कुणी सिद्ध करू शकत नाही, तेव्हा दुसरी लाट सगळीकडेच आलेली, बाजारात लागला असेल, एसटीत लागला असेल. मी आपली मला वाटतं ते सांगते. हा आजार हवेतूनही, आणि बंद खोलीत लांबपर्यंत पसरतो हे जागतिक आरोग्य संघटनेनेही आपल्या माहितीपानावर स्पष्ट लिहिलं ते एप्रिल 2021 च्या अखेरीला, तेव्हा मी ऑक्सिमीटर बोटाला लावून अंथरुणात होते. आकडा 93 च्या वर जाईना. आमच्या तक्त्यात हात मोजले होते, हवा मोजलीच नव्हती.

आणि हेही सांगायला पाहिजे, कबड्डी सुरू केली असती तर बरोबर ठरलं असतं असं मी म्हणत नाही. एप्रिल-मे मध्ये आमच्या जिल्ह्यात जे झालं ते बघता काहीच सुरू नसतं तर बरं, असंही वाटतं. त्या मुलींच्या घरी म्हातारी माणसं होती. तिच्या आजीला झालाच शेवटी, कुठून ते कोण जाणे, वाचल्या त्या. माझं दुखणं वेगळं आहे. बंद काय करायचं हे ठरवताना आम्ही आमचं ते उघडं ठेवलं, आणि ते किती सहज झालं.

मे मध्ये तिचा फोन आला. तौक्ते वादळ होऊन गेलेलं, आमच्याकडे तीन दिवस लाइट नव्हती, मोबाइलला दोन काड्या रेंज. सरांकडून कळलं म्हणाली. मी तेव्हा त्या तीन गोळ्यांच्या यंत्राने फुप्फुसाचा व्यायाम करत होते, ओढायचं नि गोळ्या वर चढवायच्या, माझी एकच गोळी कशीबशी हलायची. तिला सांगितलं तर म्हणाली, त्यापरीस कबड्डी म्हणा. मी हसले तर खोकला आला. ती गंभीर होती. "सावकाश श्वास भरा, पोटातून, खांदं वर नाय करायचं. नि बोलत सोडा. मी मोजताव."

मी अंथरुणावर बसून, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, कबड्डी कबड्डी कबड्डी करायला लागले. स्वयंपाकघरातून आमची सासू डोकावून बघून गेली.

"नऊ," ती म्हणाली. "तुटला तुमचा. उद्या परत करू."

दुसऱ्या दिवशी खरंच फोन आला. असे अकरा-बारा दिवस.

तिचं शेवटचं वर्ष स्पर्धेविना गेलं. आमच्यापर्यंत स्पर्धेचं पत्रकच आलं नाही त्या वर्षी. परीक्षा ऑनलाइन झाली, पास झाली, खेडला मेडिकलच्या दुकानात लागली. मग कॉलेजं 20 ऑक्टोबरपासून दोन डोसवाल्यांसाठी उघडली आणि जानेवारी 2022 मध्ये पुन्हा बंद. आणि गंमत बघा, त्याच जानेवारीत टीव्हीवर रोज रात्री प्रो कबड्डी चालू होती. बेंगळुरूला एका मोठ्या हॉटेलात सगळे संघ ठेवलेले, तिथेच मैदान, प्रेक्षक नाहीत, 22 डिसेंबरला सुरू झाली ती फेब्रुवारीअखेर संपली, मध्ये खेळाडू पॉझिटिव्ह निघाले तर वेळापत्रक बदललं पण बंद नाही पडली. मी सगळे सामने बघितले. लंगडीवाली बाई मी, बचावातले कव्हर नि कॉर्नर कोण ते आता कळतं मला.

मार्च 2022 मध्ये आमचं मैदान परत आखलं. या वेळी मीटिंगला मी दोन खेळाडू मुली बसवा म्हणून हट्ट धरला, बसवल्या, त्या एक शब्द बोलल्या नाहीत, चहा पण घेतला नाही. ठीक आहे.

ती रविवारची सुट्टी काढून आली होती, नव्या पोरींना शिकवायला. फक्कीची टोपली तिच्याच हातात, वाकून, मुठीतून बारीक धार सोडत निदान रेषा आखली, मग मागे सरकून बोनसची. तांबड्या मातीवर ती पांढरी फक्की इतकी उठून दिसत होती की बस. सरांनी शिट्टी मारली. समोर एफवायच्या सात जणी हात धरून उभ्या. ती मध्यरेषेला हात लावून, हात कपाळाला लावून, आत शिरली. कडेला खुर्चीवर स्टॉपवॉच धरून मी. तिच्याबरोबर मी पण तोंडातल्या तोंडात म्हणायला लागले, कबड्डी कबड्डी, सवयच लागलीय.

माझा एकोणिसाव्या सेकंदाला तुटला. तिचा चालू होता. डाव्या कोपऱ्याकडे गेल्यासारखं करून ती एकदम आत वळली, पोरी अंगावर आल्या, धूळ उडाली, आणि ती परत मध्यरेषेवर. पंच पोरगी गोंधळून माझ्याकडेच बघायला लागली, मिळाला का मॅडम? मी उठून मैदानात गेले. बोनसच्या रेषेपलीकडे टाचेचा एक ठसा होता, फक्की जराशी खरवडलेली. दुसऱ्या पायाचा कुठेच नव्हता.